गंधाची साक्ष

पंचेंद्रियांपैकीं नाकाच्या वाट्याला तत्त्वज्ञांचा आदर फारसा आलेला नाहीं. डोळा व कान हीं ज्ञानाचीं द्वारें ठरलीं. नाकाला मात्र घरांतल्या आश्रिताप्रमाणें ओटीवरच बसविण्यांत आलें. कांटनें १७९८ सालीं प्रसिद्ध केलेल्या मानवविषयक ग्रंथांत घ्राणेंद्रियाची जोपासना करण्यांत कांहीं लाभ नाहीं असा निकाल दिला आहे. आणि वर अशी तक्रार केली आहे कीं, गंध हा माणसाच्या स्वातंत्र्याच्या आड येतो, कारण नको तो पदार्थ तोंडांत न घेण्याची मुभा आपणांस असते, पण शेजाऱ्याकडचा वास घ्यावाच लागतो. आमच्या नैयायिकांनीं गंध हा पृथ्वीचा विशेष गुण मानून त्याचा गौरव केला खरा. तथापि प्रकार मोजण्याची वेळ आली तेव्हां रूपाचे सात, रसाचे सहा आणि गंधाचे मात्र सुरभि व असुरभि असे दोनच, एवढ्यावर त्यांनीं हात आवरला. ज्यांनीं अभावाचेहि चार प्रकार पाडले त्यांस गंधाच्या बाबतींत दोनापुढें मोजावेसें वाटूं नये, ही गोष्ट आम्हांस नेहमींच चमत्कारिक वाटत आली आहे.

या उपेक्षित इंद्रियाविषयीं विचार करण्यास आम्ही प्रवृत्त झालों आहों तें एका तितक्याच अप्रतिष्ठित वनस्पतीच्या निमित्तानें. भांग, गांजा व चरस हे तिन्ही पदार्थ जिच्यापासून होतात ती ही वनस्पति. अमेरिकेंतील कोलोरॅडो व वॉशिंग्टन या संस्थानांनीं २०१२ सालीं, आणि कॅनडानें २०१८ सालीं, प्रौढांस तिची खरेदी मोकळी केली. तेव्हांपासून तिच्या पैदाशीचा धंदा उजळ माथ्यानें चालूं लागला असून, त्या धंद्यांत आज सर्वांत अधिक चर्चा होते ती तिच्या वासाची. लिंबाच्या सालीचा वास, चिडाच्या राळेचा वास, मिऱ्यांचा वास, एवढेंच काय पण पेट्रोलचा वास, असे नाना वास साधण्यासाठीं पैदासकार वाणावर वाण संकरित करीत आहेत. आपल्याकडे १९८५ च्या कायद्यानें गांजा व चरस निषिद्ध आहेत, भांगेचें पान तेवढें त्या व्याख्येबाहेर राहिलें आहे. तो कायदा योग्य कीं अयोग्य हा प्रस्तुत प्रश्न नव्हे. आणि गांजाच्या सेवनाची तरफदारी करण्याचाहि आमचा हेतु नाहीं. आमचा प्रश्न निराळा आहे. वस्तूचा गंध ही त्या वस्तूनें स्वतःविषयीं दिलेली साक्ष समजावयाची काय? आणि तशी ती असेल, तर पाहिजे ती साक्ष देणारी वस्तु घडविणाऱ्या माणसावर कोणती जबाबदारी येते?

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. या वनस्पतीचा मद ज्या द्रव्यांत आहे त्याला टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल असें लांबलचक नांव आहे. १९६४ सालीं इस्राएलांत गाओनी व मेखूलम या शास्त्रज्ञांनीं तें शुद्ध स्वरूपांत वेगळें केलें. गंमत अशी कीं, या द्रव्याला स्वतःचा म्हणण्याजोगा वासच नाहीं. गांजाचा म्हणून जो वास आपण ओळखतों तो निराळ्याच द्रव्यांचा, आणि त्यांत मोठा भाग टर्पीन नांवाच्या द्रव्यांचा आहे. टर्पेंटाईन या ओळखीच्या नांवावरूनच हा शब्द बनला. हीं टर्पीनें या झाडाची मिरासदारी मुळींच नव्हे. लिमोनीन संत्र्याच्या सालींत आहे, पायनीन चिडाच्या झाडांत, मर्सीन गवती चहांत व बिअरच्या हॉपमध्यें, कॅरिओफिलीन मिऱ्यांत व लवंगांत, आणि लिनॅलूल धन्यांत. म्हणजे या बदनाम झुडपाचा सुगंध आपल्या गृहिणींच्या मिसळणाच्या डब्यांत केव्हांचाच नांदत आहे! पोलिसांचा कुत्रा ज्याचा माग काढतो तोहि मादक द्रव्याचा नव्हे. त्याच्या या निरुपद्रवी सोबत्यांचा.

मादी झाडाच्या फुलोऱ्यावर जी बारीक ग्रंथियुक्त लव असते तींत हीं दोन्ही द्रव्यें तयार होतात. त्यांचा कच्चा माल कांहीं अंशीं एकच आहे. जेरानिल डायफॉस्फेट या दहा कर्बाणूंच्या घटकापासून एका बाजूस लहान टर्पीनें बनतात, व दुसऱ्या बाजूस तोच घटक ऑलिव्हिटॉलिक आम्लाशीं जोडला जाऊन मादक द्रव्याची पूर्वावस्था बनते. एका कोठीवर दोन बिऱ्हाडें असावींत तसा हा प्रकार आहे. कोणत्या बिऱ्हाडाला किती शिधा मिळावयाचा हें ठरविणारीं जनुकें निरनिराळ्या झाडांत निरनिराळीं असतात. ऊन, थंडी आणि वाळविण्याची रीत यांचाहि परिणाम होतो. झाड हा खटाटोप माणसासाठीं करीत नाहीं हें सांगणें नकोच. कीड दूर ठेवणें यांसारखे त्याचे स्वतःचे हेतु त्यांत आहेत.

माणूस या व्यवहारांत शिरला तो मात्र फार पूर्वीं. १८९३-९४ सालीं हिंदुस्थान सरकारनें गांजाच्या चौकशीसाठीं नेमलेल्या मंडळाचा अहवाल जिज्ञासूंनीं अवश्य पाहावा. त्या काळीं बंगालमध्यें नौगांव येथें, मध्यप्रांतांत खंडव्याकडे, आणि आपल्या मुंबई इलाख्यांत अहमदनगर (आतांच्या अहिल्यानगर) जिल्ह्यांत गांजाची रीतसर लागवड होत असे. नौगांवच्या शेतांतून पारखदार अथवा पोद्दार नांवाचा एक जाणता मनुष्य हिंडे. फुलण्यापूर्वींच नर झाड ओळखून तें उपटून टाकणें हें त्याचें काम. नर उरला नाहीं म्हणजे मादीला बीं धरत नाहीं, आणि तिची सारी शक्ति राळेंत उतरते. इंग्रज अधिकाऱ्यांनीं त्याचें नांव 'गांजाचा डॉक्टर' असें ठेविलें होतें. पुढें अमेरिकेंत हीच युक्ति सिन्सेमिया, म्हणजे बिनबियांचा, या स्पॅनिश नांवानें गाजली, आणि जणूं कांहीं नवाच शोध लागला असें लोकांस वाटलें. असो.

अमेरिकेंतील पैदाशीचा इतिहास चोरट्या वाटांचा आहे. १९६० नंतरच्या दोन दशकांत अफगाणिस्थान, मेक्सिको, कोलंबिया इत्यादि देशांतून बियाणें कॅलिफोर्नियांत पोंचलें, आणि तेथें लपून छपून त्यांचे संकर झाले. चोरट्या धंद्यांत वंशावळ कोण लिहून ठेवणार? बियांपासून उगवलेलीं भावंडें एकमेकांसारखीं निघत नाहींत, म्हणून मनासारखें एखादें झाड साधलें कीं त्याच्या फांद्यांचीं कलमें करून तें जतन करावयाचें, आणि एखादें विचित्र नांव देऊन तें हातोहातीं पसरवावयाचें. ओळख पटविण्याचें साधन उरलें तें एक नाक. त्यांतच दोन जुनीं शास्त्रीय नांवें बाजाराच्या तोंडीं बसलीं. लिनियसनें १७५३ सालीं या वनस्पतीस 'सॅटिव्हा' म्हटलें होतें. लामार्कनें १७८५ सालीं हिंदुस्थानांतून आलेल्या नमुन्यांवरून 'इंडिका' ही निराळी जात कल्पिली. बाजारानें ठरविलें कीं, इंडिका म्हणजे अंग जड करणारी, झोंप आणणारी. आणि सॅटिव्हा म्हणजे मन प्रफुल्ल करणारी. सगळ्या दुकानांच्या फळ्या या दोन नांवांनीं भरून गेल्या.

या नांवांची परीक्षा कॅनडा व हॉलंड येथील संशोधकांनीं घेतली व तिचा निष्कर्ष २०२१ सालीं प्रसिद्ध झाला. एकंदर जनुकसंपदा पाहतां इंडिका म्हणून विकली जाणारीं झाडें व सॅटिव्हा म्हणून विकली जाणारीं झाडें यांत भेद करतां येईना. पुढच्याच वर्षीं अमेरिकेंतील सहा संस्थानांतील सुमारें नव्वद हजार नमुन्यांच्या रासायनिक पृथक्करणावरूनहि असेंच दिसलें कीं, चिठ्ठीवरचें नांव आणि आंतील द्रव्यें यांचा मेळ बसत नाहीं. एवढ्यावर गोष्ट संपती तर बाजार खोटा, शास्त्र खरें, असें म्हणून आपण मोकळे झालों असतों. पण २०२१ च्या संशोधनांत आणखी एक गोष्ट निघाली, आणि ती आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. त्या दोन नांवांचा संबंध थोड्याशा टर्पीनांशीं, व तीं घडविणाऱ्या जनुकांशीं, स्पष्ट दिसून आला. इंडिका म्हटलेल्या झाडांत मर्सीनसारखीं कांहीं टर्पीनें अधिक, तर सॅटिव्हा म्हटलेल्यांत फार्नेसीनसारखीं दुसरीं. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या लोक ज्याला वंश समजत होते तो वास होता! कूळ सांगतों असें म्हणून त्यांनीं खोटें सांगितलें, पण नाकानें जें अनुभवलें तें मात्र खरेंच सांगितलें. नांवाच्या खोटेपणांत इंद्रियाचा खरेपणा इतक्या निमूटपणें टिकून राहिल्याचें दुसरें उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं.

आतां अनुमानाचा प्रश्न येतो. पर्वतावर धूर दिसला म्हणजे तेथें अग्नि आहे असें आपण म्हणतों, कारण धूर व अग्नि यांची व्याप्ति आपणांस ठाऊक असते. उलट अग्नि आहे म्हणून धूर असलाच पाहिजे असें म्हणतां येत नाहीं. तेथें ओलें सर्पण ही उपाधि आड येते. अमुक वास आहे म्हणून अमुक परिणाम होईल, या अनुमानाची स्थिति काय? अमेरिकन वैद्य ईथन रसो यांनीं २०११ सालीं एका विस्तृत लेखांत असा पक्ष मांडला कीं, टर्पीनें मादक द्रव्याच्या परिणामास निरनिराळें वळण देतात. मिऱ्यांतलें कॅरिओफिलीन आपल्या शरीरांतील अशाच द्रव्यांच्या एका ग्राहकाला चिकटतें हें २००८ सालींच दाखविलें गेलें होतें. परंतु २०१९ व २०२० सालच्या प्रयोगांत नेहमींचीं टर्पीनें त्या ग्राहकांमार्फत मादक द्रव्याच्या कार्यांत कांहीं फेर करतात असें आढळलें नाहीं. तर २०२४ सालीं जॉन्स हॉप्किन्स विद्यापीठांतील संशोधकांनीं वीस माणसांवर प्रयोग करून दाखविलें कीं, लिमोनीन बरोबर हुंगविलें असतां मादक द्रव्यानें होणारी घाबरगुंडी कमी होते, आणि मात्रा वाढवावी तसा हा गुण अधिक दिसतो. सारांश, एका टर्पीनाविषयीं थोडेंसें म्हणतां येतें. दुकानदार मात्र प्रत्येक वासापुढें एकेक मनोवृत्ति लिहून तक्ता टांगतो! व्याप्ति सिद्ध होण्यापूर्वींच अनुमानाचा व्यापार सुरू झाला आहे.

पण आमच्या दृष्टीनें खरी उपाधि प्रयोगशाळेंत नाहीं. ती पैदासकाराच्या हातांत आहे. जोंवर मनुष्य झाड निवडीत होता तें दुसऱ्या कशासाठीं, म्हणजे राळेसाठीं, लवकर फुलण्यासाठीं किंवा त्या त्या प्रांतांत तग धरण्यासाठीं, तोंवर वास हा न बोलावतां मागून येत असे. म्हणूनच तो प्रांताची, कुळाची, गुणाची कांहींतरी खूण सांगूं शके. ज्याला आपण साक्ष देत आहों याची वार्ताहि नाहीं अशा साक्षीदाराचें बोलणें न्यायाधीश अधिक विश्वासानें ऐकतो. आतां वासासाठींच झाड निवडलें जाऊं लागलें, आणि साक्षीदार शिकवून तयार होऊं लागला. वास उरला, त्याच्या पाठीमागें काय आहे हें सांगण्याची त्याची शक्ति मात्र दर पिढीगणिक क्षीण होत चालली.

येथें पूर्वपक्षी म्हणेल, कीं यांत विशेष तें काय? बागाइतीचा सारा इतिहासच निवडीचा आहे. गुलाब, मोगरा, आंबा, तांदूळ, कशाला माणसाचा हात लागलेला नाहीं? मुळशीच्या आंबेमोहराला त्याच्या वासासाठींच आपण मान देतों, आणि २०१६ सालीं त्याला भौगोलिक मानांकनहि मिळालें. उलट शोभेच्या गुलाबांत आकार व टिकाऊपणा यांच्या मागें लागून पैदासकारांनीं सुगंध घालविला, म्हणून आपण हळहळतों. मग गांजाच्या पैदासकारानें सुगंध जोपासला तर त्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यांत कां उभा करावा?

हा आक्षेप वजनदार आहे, आणि त्याचा अर्धा भाग आम्ही मान्य करतों. किंबहुना त्याच्या बाजूनें आणखीहि एक गोष्ट सांगतां येईल. अमेरिकन सरकारनें जप्त केलेल्या नमुन्यांत मादक द्रव्याचें प्रमाण १९९५ सालीं शेंकडा सुमारें चार होतें, तें २०१४ सालीं शेंकडा सुमारें बारावर गेलें. एका आंकड्याच्या मागें लागलेल्या पैदाशीचें हें फळ. ग्राहक चिठ्ठीवरचा आंकडा वाचतो आणि आंकड्याचे पैसे मोजतो. या आंकडेमोडीपेक्षां वास घेऊन निवड करणारा मनुष्य आम्हांस पुष्कळ शहाणा वाटतो. निदान तो एका वस्तूंतील अनेक गुणांकडे लक्ष देतो, स्वतःच्या इंद्रियानें देतो, आणि बारा म्हणजे चारापेक्षां तिपटीनें चांगलें असल्या हिशेबांत पडत नाहीं.

तथापि आंबेमोहराचें उदाहरण आमच्याच बाजूचें आहे. आंबेमोहराचा वास हा त्या दाण्यांतच असतो, (तो टर्पीनाचा नव्हे, निराळ्या द्रव्याचा) आणि दाणे तळहातावर चोळून हुंगणाऱ्या गृहिणीला तो जें सांगतो तें त्याच दाण्यांविषयीं सांगतो. तिची फसवणूक होते ती दुसराच तांदूळ त्या नांवानें पदरांत पडला म्हणजे. गांजाच्या व्यापारांत पुढची पायरी केव्हांच गांठली गेली आहे. यंत्रांत वाफ करून ओढण्याचे जे अर्क तिकडे विकतात त्यांपैकीं पुष्कळ आधीं शुद्ध करतांना वासहीन होतात, आणि मग त्यांत संत्र्याच्या सालीपासून किंवा इतर झाडांपासून काढलेलीं टर्पीनें मोजून मिसळतात. या मिश्रणाला एखाद्या प्रसिद्ध वाणाचें नांव देतात. झाड एक, वास दुसऱ्याचा, नांव तिसऱ्याचें! निवड आणि मिसळ यांतील नैतिक अंतर येथें डोळ्यांत भरतें. निवड करणारा झाडाला बोलावयास लावतो. मिसळ करणारा मुक्या पदार्थाच्या तोंडीं आपले शब्द घालतो.

मात्र माणसानें बनविलेली साक्ष म्हणजे खोटी साक्ष असें आमचें म्हणणें नाहीं. घरोघरच्या स्वयंपाकाच्या गॅसकडे पाहावें. त्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नाहीं. म्हणून मर्केप्टन जातीचें गंधकयुक्त दुर्गंधी द्रव्य त्यांत मुद्दाम मिसळतात, आणि त्यामुळें गळती होतांच घरांतील बाईला कळतें. येथें साक्ष पूर्णपणें कृत्रिम आहे, आणि तरीहि ती अत्यंत प्रामाणिक आहे. कारण वस्तूचा जो स्वभाव लपलेला होता तोच ती उघड करते. आणि योगायोग असा कीं, गांजाच्या कांहीं वाणांचा जो प्रसिद्ध उग्र दर्प, तो टर्पीनांचा नसून याच कुळांतील एका गंधकयुक्त द्रव्याचा आहे, असें २०२१ सालीं अमेरिकेंतील रसायनशास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें. त्यांनींच २०२३ सालीं असेंहि दाखविलें कीं, मिठाईसारख्या अथवा फळांसारख्या वासाच्या नव्या वाणांतील भेद बव्हंशीं टर्पीनेतर सूक्ष्म द्रव्यांमुळें होतात. तेव्हां चिठ्ठीवर टर्पीनांचीं नांवें छापणारा दुकानदार ग्राहकाला स्वतःच्या नाकाची देखील पुरती हकीकत सांगत नाहीं.

त्या दर्पामुळें कांटची जुनी तक्रार पुनः एकदां न्यायालयापर्यंत पोंचली ही गोष्ट जातां जातां सांगितली पाहिजे. दक्षिण कॅलिफोर्नियांत कार्पिंटेरिया नांवाचें समुद्रकांठचें एक गांव आहे. तेथील कांचगृहांतून पूर्वीं फुलांची लागवड होई. पुढें त्यांपैकीं अनेकांत गांजा आला, आणि शेजाऱ्यांनीं वासाविरुद्ध तक्रारी व फिर्यादी केल्या. ज्यांनीं अनेक वर्षें फुलांच्या शेजाराचा लाभ कांहीं न देतां घेतला त्यांस हा दर्प जुलमाचा वाटावा, हें मनुष्यस्वभावास धरूनच आहे. तरीहि तो दर्प निदान अप्रामाणिक नव्हता. आंत काय पिकत आहे हें तो साऱ्या गांवाला सांगत होता.

आम्हांस अधिक चिंता वाटते ती उलट दिशेची. पैदाशीचा ओघ आतां त्या दर्पाकडून मिठाईच्या, केकच्या, गोळ्यांच्या वासाकडे वळला आहे, आणि वाणांचीं नांवेंहि तशींच पडत आहेत. प्रौढ मनुष्य नांवाला भुलला तर तो त्याचा प्रश्न. पण ज्याचें वय चिठ्ठी वाचण्याचें नाहीं, ज्याला शेंकडा बारा म्हणजे काय हें ठाऊक नाहीं, त्याच्यापाशीं पदार्थ पारखण्याचें एकच साधन असतें, आणि तें म्हणजे नाक. उग्र वासानें तें नाक मागें सरतें. खाऊच्या वासानें पुढें होतें. त्या नाकाशीं जो व्यवहार चालला आहे तो स्वयंपाकाच्या गॅसच्या व्यवहाराच्या नेमका उलट आहे, हें आम्हांस स्पष्टपणें सांगावेसें वाटतें.

दुसरी हानि शेतकऱ्याची. मोरोक्कोच्या रीफ डोंगरांत शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या 'बेलदिया' म्हणजे देशी वाण पेरीत आले. हा वाण पावसाच्या पाण्यावर येई. गेल्या दोन दशकांत युरोपांतून आलेल्या संकरित वाणांनीं पुष्कळ ठिकाणीं त्याची जागा घेतली. त्यांची राळ अधिक, पण त्यांस उन्हाळ्यांत पाणी भरपूर लागतें, आणि त्या डोंगरांत पाणीच कमी. २०२१ सालीं तेथील सरकारनें कायदा करून औषधी व औद्योगिक लागवडीस परवानगी दिली. देशी वाणाचें बीं पेटींत जपून ठेवतां येतें हें खरें. पण प्रत्येक बियेंतून उगवणारें झाड थोडें निराळें, आणि त्यांतलें कोणतें जुन्या वासाचें हें ठरवावयास तो वास ठाऊक असलेला मनुष्य शेतांत उभा असावा लागतो. नौगांवचा पारखदार नर झाड उपटावयास शेतांत शिरे तेव्हां कोणतें ठेवावयाचें हें त्याला ठाऊक असे. रीफमधल्या ज्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांस बेलदियाचा वास अजून आठवतो, ते आज त्या शेतांतून हिंडूं शकतील. आणखी वीस वर्षांनीं बीं काढून पेरलें, तर उगवलेल्या झाडांपुढें उभें राहून हुंगणारा कोण असेल?